नवतप्यातली दुपार आणि पाणी पिणारी पुस्तकं

नागपुरात मे महिन्यात दुपारी अकरा-साडेअकरा नंतर घराबाहेर पडायचं म्हणजे तसंच काही अर्जंट काम पाहिजे, नाहीतर आम्ही सगळे दारं-खिडक्या लावून आत. खिडकीत कूलर, माठात वाळ्याची पुरचुंडी, आईच्या हातात क्रोशाची सुई अन् माझ्या हातात बर्डीच्या (सीताबर्डीच्या) बाजारातून आणलेलं कुठलंतरी जुनं सेकंडहँड पुस्तक. २०१३ च्या मे मध्ये इथे पारा ४७.९ पर्यंत गेला होता, आणि नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते सगळ्यात तापाचे नऊ दिवस, लागला की दरवर्षी ४४-४५ तर ठरलेलेच, पण खरं सांगते, मला वर्षातली ही सगळ्यात आवडती वेळ आहे, कारण चार-पाच तास कोणी बोलवत नाही, कोणाकडे जायचं नसतं आणि घरात कूलरच्या आवाजाशिवाय दुसरा आवाज नसतो.

यावर्षी अशाच एका दुपारी लेकीने विचारलं, "आई, हे पुस्तक आता असं कडक लागून राहिलं, पावसाळ्यात कसं नरम पडते? काहून होते गं असं?" मी पटकन "दमट हवेने" म्हणून मोकळी झाले आणि मग बसल्या बसल्या लक्षात आलं की या खोलीत आम्हाला सुख देणाऱ्या जेवढ्या वस्तू आहेत ना, पुस्तक, आईचा सुती धागा, कूलरच्या ताट्यांमधलं वुडवूल (लाकडाचा बारीक कीस), वाळ्याची मुळं, त्या सगळ्यांच्या मुळाशी एकच पदार्थ आहे आणि तो पदार्थ पाण्याचा भयंकर लोभी आहे.

त्याचं नाव सेल्युलोज. आन्सेल्म पेयाँ नावाच्या फ्रेंच केमिस्टने १८३८ मध्ये झाडांच्या भागातून हा पदार्थ वेगळा काढला. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची लांबच लांब माळ, कापसात तर एकेका माळेत दहा-दहा हजार मणी असू शकतात. आणि प्रत्येक मण्याला बाहेरच्या बाजूने ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या लटकलेल्या असतात ज्यांना पाण्याचे रेणू येऊन चिकटतात, हायड्रोजन बंध म्हणतात त्याला. हा बंध फार पक्का नसतो, जुळतो, सुटतो, परत जुळतो. पुढचं सगळं या जुळण्या-सुटण्यावरच चालतं, म्हणून हे एवढं लक्षात असू द्या.

आधी कूलर, कारण तो नसला तर पुस्तक वाचायला बसणार कोण. पंप ताट्यांवर पाणी सोडतो, वुडवूलच्या बारीक साली ते पाणी स्वतःवर पसरवून घेतात, म्हणजे एक ग्लास पाणी केवढ्या तरी मोठ्या पृष्ठभागावर पातळ होऊन बसतं, आणि त्यातून गरम कोरडी हवा गेली की पाण्याची वाफ होते. वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती त्या हवेतूनच घेतली जाते. किती? एक लिटर पाणी उडायला साधारण २४०० किलोज्यूल, म्हणजे विजेच्या हिशोबात जवळपास दोन तृतीयांश युनिट. मोठा कूलर तासाला दहा लिटर पाणी उडवत असेल तर हवेतली साडेसहा-पावणेसात युनिट उष्णता तो तासाभरात शोषतो, आणि स्वतः पंखा अन् पंप धरून पाव युनिटच्या आसपास वीज खातो! मला तर हे आकडे पहिल्यांदा मांडले तेव्हा दोनदा तपासावे लागले.

हे जमतं कारण आपली मे मधली हवा ठणठणीत कोरडी असते. ४४ डिग्री आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर पाणी उडवून हवा जास्तीत जास्त २३ डिग्रीपर्यंत थंड होऊ शकते, प्रत्यक्षात घरच्या कूलरमधून २८-२९ ची येते. मुंबईला ३३ डिग्री आणि ७० टक्के आर्द्रतेत हाच कूलर लावला तर मुश्किलीने तीन-चार डिग्रीचा फरक पडेल आणि वरून चिकचिक, म्हणून मुंबईच्या पाहुण्यांना आपलं कूलरचं प्रेम कळत नाही.

खसच्या ताट्या लावल्या असतील तर तो वास. वाळा म्हणजे एका गवताची मुळं, आणि त्यातलं तेल जड रेणूंचं असतं, हळूहळू उडणारं, म्हणून एकदा बसवलेल्या ताट्या कितीतरी दिवस वास देत राहतात. कोरडा वाळा हातात घ्या, मंद वास येईल. तोच भिजवा, खोली भरून जाते, कारण मुळांना चिकटलेल्या वासाच्या रेणूंच्या जागा पाण्याचे रेणू बळकावतात आणि ते सुटून हवेत येतात.

आता जुन्या पुस्तकाचा वास. मी पुस्तक विकत घेताना आधी उघडून नाकाशी नेते, तुमच्यातले बरेच जण नेत असतील. १८४४ मध्ये केलर नावाच्या जर्मन माणसाने लाकूड घासून लगदा करायची युक्ती काढली, त्याआधी कागद मुख्यतः चिंध्यांचा व्हायचा, आणि पुढे लाकडाच्या लगद्यामुळे कागद स्वस्त झाला, पुस्तकं घराघरात आली. पण लाकडात सेल्युलोजबरोबर लिग्निनही येतं, झाडाला ताठ उभं ठेवणारं सिमेंटच म्हणा ना. हे लिग्निन उजेड आणि हवेने पिवळं पडतं आणि तुटताना त्यातून व्हॅनिलिन सुटतं, होय, व्हॅनिला आइस्क्रीमवालंच. बदामासारखा वास देणारं बेन्झाल्डिहाइड असतं, सेल्युलोज आणि त्याच्या भावंडांच्या तुटण्यातून फुरफुरल येतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले मातिया स्ट्रलिच आणि सहकारी यांनी २००९ मध्ये ७२ जुन्या कागदांचे वास यंत्राने तपासून दाखवलं की नुसत्या वासावरून कागदाची तब्येत सांगता येते, पान न फाडता, न कापता. म्हणजे जो वास आपल्याला एवढा गोड लागतो तो कागदाच्या झिजण्याचा आहे. मला हे कळल्यावर थोडं वाईट वाटलं, पण वास घेणं काही सुटलं नाही.

झिजण्याचा वेग उष्णतेने वाढतो. रसायनशास्त्रातला ढोबळ नियम असा की दहा डिग्री वाढली की वेग साधारण दुप्पट. नागपुरात वरच्या मजल्यावर स्लॅबला टेकलेल्या माळ्यावर मे मध्ये काय तापतं ते वेगळं सांगायला नको, आणि आपण काय करतो, तर न लागणारी पुस्तकं पोत्यात भरून नेमकी तिथेच टाकतो! माझं स्पष्ट मत आहे, जागा कमी असेल तर भांडी माळ्यावर टाका, पुस्तकं खाली आणा, पलंगाखाली ठेवली तरी चालेल.

लेकीच्या प्रश्नाकडे येते. कागद हवेतलं पाणी सारखं पितो आणि सोडतो. नवतप्यातल्या कोरड्या हवेत कागदाच्या वजनात साधारण चार टक्के पाणी असतं, जुलैत हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली की दहाच्या आसपास. आमच्या कपाटात अंदाजे ४० किलो पुस्तकं आहेत, म्हणजे मे ते जुलै त्या कपाटाने दोन लिटरच्या वर पाणी पिलेलं असतं, कोणाला थेंबही न दिसता. पाणी शिरलं की तंतूंमधले आपसातले बंध सैल पडतात, पान नरम होतं, वाजत नाही. कोरडं पडलं की बंध आवळतात आणि पान कडक, पलटताना तो कडकड आवाज.

तंतू पाणी पिऊन फुगतो तो जाडीत, लांबीत फार कमी. आणि कागद मशीनवर तयार होताना बहुतेक तंतू मशीनच्या चालण्याच्या दिशेनेच पडतात. घरी बघायचं असेल तर जुना पेपर घ्या आणि वरून खाली फाडा, सरळ रेघेत फाटत जाईल. डावीकडून उजवीकडे फाडा, वाकडातिकडा जाईल, कितीही जपून फाडला तरी. सरळ फाटतो ती तंतूंची दिशा. त्या दिशेला आडवा कागद जास्त फुगतो, म्हणूनच ज्या पुस्तकात तंतूंची दिशा बांधणीला समांतर नसते त्याची पानं पावसाळ्यात लाटा आल्यासारखी होतात, बांधणीपाशी पान शिवलेलं-चिकटवलेलं असल्यामुळे तिथे फुगायला जागाच नसते.

आईचं काम याच्या अगदी उलट आणि तेच मला सगळ्यात भारी वाटतं. परवा कूलरची टाकी भरताना पाणी सांडलं, टेबलावरचं पुस्तकही भिजलं आणि आईचा अर्धा झालेला रुमालही. पुस्तकाचं ओलं पान बोटाने धरलं तर हातात आलं. रुमाल पिळून वाळत टाकला, काही झालं नाही. दोन्ही सेल्युलोजच, मग फरक कशाचा? कागदात आखूड तंतू एकमेकांना मुख्यतः हायड्रोजन बंधांनी धरून असतात, पाणी मध्ये शिरलं की ती पकडच गेली. धाग्यात तंतू पिळाने अडकलेले असतात, पिळाला पाण्याचं भय नाही, उलट कापसाचा धागा ओला असताना कोरड्यापेक्षा जास्त मजबूत असतो.

आणि तो पिळ बसतो कसा, तर त्याची तयारी बोंडातच झालेली असते. कापसाचा एक तंतू म्हणजे सरकीवर उगवलेली एकच पेशी, फक्त एक, आणि ती अडीच-तीन सेंटीमीटर लांब वाढते! बोंड फुटलं की ती वाळते, चपटी होते आणि स्वतःभोवती पीळ खाते, रिबीन मुरडल्यासारखी. त्या मुरडीमुळे तंतू एकमेकांना धरतात, नाहीतर सूत कातणंच जमलं नसतं. विदर्भात राहून, पांढऱ्या शेतांच्या बाजूने बसमधून हजारदा जाऊन, नागपुरातच १९७६ पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था असून हे मला चाळिशीनंतर कळलं. सूतगिरणीत हवा मुद्दाम दमट ठेवावी लागते, कारण फार कोरड्या हवेत सूत तटातट तुटतं. १८७७ च्या १ जानेवारीला जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल इथे सुरू झाली, तेव्हा आपल्या उन्हाळ्यात ते सूत सांभाळणाऱ्या हातांना काय कसरत करावी लागली असेल याचा मी आता विचार करते.

आई साखळी, मुका खांब, खांब असं मोजत विणते आणि रुमाल पूर्ण झाला की साबुदाण्याची खळ देते. आता गंमत बघा, साबुदाण्यातला स्टार्च हाही ग्लुकोजच्याच मण्यांची माळ, फक्त मणी ओवायची पद्धत वेगळी. तेवढ्या फरकाने साबुदाणा आपल्याला पचतो आणि कापूस पचत नाही. कसरीला मात्र दोन्ही पचतात, तिच्या पोटात सेल्युलोज तोडणारं एन्झाइम असतं, म्हणून ती कागद खाते, बांधणीतली खळही खाते आणि कपाटात ठेवलेला कडक रुमालही. जुने बाइंडर खळीत मोरचूद घालायचे ते यासाठीच. खळ दिलेला रुमाल फार महिने घडी घालून ठेवायचा असेल तर आधी खळ धुऊन टाका, ठेवताना साधाच ठेवा.

इस्त्री करताना आई पाणी शिंपडते, तेही तेच बंधांचं प्रकरण. पाण्याने जुने बंध सुटतात, सुरकुती सैल होते, उष्णतेने पाणी उडतं आणि सपाट अवस्थेत नवे बंध जुळतात.

भिजलेल्या पुस्तकाचं काय केलं ते सांगते, कारण कूलर असलेल्या प्रत्येक घरात हे कधी ना कधी होतंच. ओली पानं सोडवायला जाऊ नका. पुस्तक उभं करून पंख्याच्या वाऱ्यात ठेवायचं, उन्हात नाही, थोडं सुकलं की दर दहा-पंधरा पानांमध्ये कोरा टिपकागद किंवा टिश्यू घालून बदलत राहायचं, आणि किंचित दमट असताना वर वजन ठेवायचं, इस्त्रीसारखंच, पानं सपाट होतात. गुळगुळीत चकचकीत कागदाचं पुस्तक असेल तर घाई करावी लागते, त्याच्यावरचा मातीचा थर वाळताना पानं कायमची चिकटवून टाकतो. लगेच वेळ नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून सरळ फ्रीजरमध्ये, बुरशी थांबते, मग सवडीने बघा.

कूलरच्या दमट हवेने पुस्तकं खराब होतात असं बरेच जण म्हणतात, मला ते अर्धंच पटतं. समोरची एक खिडकी फटभर उघडी असेल आणि कपाट थेट झोतात नसेल तर खोलीची आर्द्रता बरी राहते. बुरशीला साधारण ६५-७० टक्क्यांच्या वर आर्द्रता लागते, आणि ती वेळ आपल्याकडे जुलै-ऑगस्टला येते. तेव्हा कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा आणि पुस्तकं कोंबू नका.

लेकीसाठी आम्ही एक छोटं यंत्र केलं. जाड कागदाची हातभर पट्टी, तंतूंच्या दिशेला आडवी कापलेली, म्हणजे जास्तीत जास्त फुगेल, आणि तिच्या एका बाजूला पूर्ण लांबीचा सेलोटेप. टेप पाणी पीत नाही, कागद पितो, म्हणून हवा दमट झाली की कागदाची बाजू लांबते आणि पट्टी टेपकडे वाकते, कोरडी झाली की उलटी. एक टोक भिंतीला चिकटवलं, मागे कोरा कागद लावून पेन्सिलीने खुणा केल्या. कूलर बंद असताना ती एकीकडे, चालू केला की वीस मिनिटात दुसरीकडे, मग दहा दिवस घरात जो येईल त्याला तिने ते दाखवलं.

जूनच्या मध्याला एका संध्याकाळी वारं सुटलं, लाइट गेली, कूलर बंद पडला आणि आम्ही अंधारात बसलो होतो. लेक टॉर्च घेऊन भिंतीपाशी गेली आणि तिथूनच ओरडली, "आजी, कूलर बंद आहे तरी पट्टी वाकून राहिली!" आईने सुई खाली ठेवली, खिडकी उघडली, आणि बाहेर पहिले थेंब पडायला लागले होते.