शरणागती आणि शिष्याची जबाबदारी : पार्श्वभूमी

गुरूच्या सांगण्यावरून केलेल्या कर्माची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न आपल्याकडे गीतेइतका जुना आहे. अठराव्या अध्यायात उपदेश संपत आल्यावर श्रीकृष्ण अर्जुनाला ‘विमृश्यैतदशेषेण यथेच्छसि तथा कुरु’ असे सांगतात. म्हणजे याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसे कर. ‘मामेकं शरणं व्रज’ हे वचन त्यानंतर तीन श्लोकांनी येते. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो, कारण विचाराची मोकळीक आधी आहे आणि शरण येण्याची हाक नंतर. शिवाय ‘करिष्ये वचनं तव’ असे अर्जुन म्हणतो तेही आपला मोह गेल्याची ग्वाही स्वतः देऊन.

मराठीतील गुरुभक्तीचे सर्वांत उत्कट रूप १२९० मध्ये लिहिल्या गेलेल्या ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात आढळते. ‘आचार्योपासन’ या एका शब्दावर ज्ञानदेव ओव्यांमागून ओव्या लिहितात आणि मेल्यावरही आपल्या देहाची माती श्रीगुरूंचे चरण जिथे उभे राहतील त्या भूमीत मिसळावी, इथपर्यंत जातात. पण ज्या श्लोकांवरचे हे भाष्य आहे त्यांत गुरुसेवा हे ज्ञानाच्या अनेक लक्षणांपैकी एक लक्षण आहे आणि तिच्या शेजारीच अहिंसा, आर्जव, शौच आणि आत्मनिग्रह ही लक्षणे सांगितली आहेत. त्यामुळे गुरुसेवेच्या नावाखाली यांपैकी एखादे लक्षण सोडण्याची सवलत शिष्याला तिथून मिळत नाही.

समर्थ रामदासांनी दासबोधात हीच गोष्ट रोखठोक मांडली. जे शिष्याला साधनेला लावत नाहीत आणि इंद्रियदमन करवीत नाहीत, असे गुरू अडक्याला तीन मिळाले तरी त्यजावे, असे ते म्हणतात. त्यागायचे शिष्याने, म्हणजे पारखायचेही त्यानेच.

हा प्रश्न न्यायालयात गाजला तो मुंबईत. पुष्टिमार्गी वैष्णवांमध्ये, म्हणजे वल्लभाचार्यांच्या कृष्णभक्ती पंथात, तन, मन आणि धन गुरूला अर्पण करण्याची जी भावना होती, तिचा काही महाराज, म्हणजे या पंथाचे गुरू, गैरफायदा घेतात आणि अनुयायांच्या स्त्रियांशी अनाचार करतात, असे समाजसुधारक पत्रकार करसनदास मुळजी यांनी ‘सत्यप्रकाश’ या गुजराती पत्रात १८६० मध्ये लिहिले. जदुनाथजी महाराजांनी अब्रुनुकसानीबद्दल ५०,००० रुपयांचा दावा लावला. महाराजांवर उपचार केलेले डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यांच्या गुप्तरोगाबद्दल साक्ष दिली. २२ एप्रिल १८६२ रोजी करसनदासांच्या बाजूने निकाल लागला आणि जे नीतीच्या दृष्टीने चूक आहे ते धर्मशास्त्राच्या दृष्टीने बरोबर असू शकत नाही, हे न्यायमूर्ती अरनॉल्ड यांचे मत पुढे वारंवार उद्धृत झाले.

या निकालाइतकीच महत्त्वाची, पण फारशी न आठवली जाणारी घटना त्याआधीची, १८६१ मधली आहे. महाराजांविरुद्ध कोणीही साक्ष देऊ नये, दिल्यास जातीबाहेर टाकू, असे महाराजांचे अनुयायी असलेल्या भाटिया समाजाच्या प्रमुख मंडळींनी सभा भरवून ठरवले. करसनदासांनी त्यांच्यावर न्यायकार्यात अडथळा आणण्याच्या कटाचा आरोप ठेवला. ही मंडळी गुरू नव्हती, निष्ठावान शिष्य होती. आणि न्यायालयाने त्यांना दोषी ठरवून दंड केला तो त्यांनी स्वतः घेतलेल्या निर्णयाबद्दल.