चाळीस टँकरांतले तीन

वडगाव शिवारात आमचं एकरभर भात आहे, बळ्ळारी नाल्याच्या कडेला. बेळगावकराला एवढं सांगितलं की पुढचं सांगावं लागत नाही. जुलैत एकदा तरी पीक पाण्याखाली जातं, चार-पाच दिवस बुडून राहिलं की कुजतं, आणि मग दुबार लावणीसाठी रोप कुणाकडे शिल्लक आहे ते विचारत फिरायचं.

मी पुण्यात हवामानशास्त्रात काम करते. पावसाळ्यात घरी आले की माझे चुलते, तात्या, नाल्याच्या बांधावर नेऊन एकच प्रश्न विचारतात, "तुमचं ते हवामान बदल म्हणत्यात, ते हेच काय गं?"

सुरुवातीला मी "होय" म्हणायची. नंतर काही वर्षं "तेवढं सोपं नाही तात्या" म्हणायची. त्यावर ते "मग सोपं करून सांगायलाच तुला शिकवलंय न्हवं?" म्हणाले. तेव्हापासून मी त्यांना टँकर मोजून दाखवते.

एका एकरावर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी सुमारे चार लाख लिटर भरतं. दहा हजार लिटरचे चाळीस टँकर. यातले हवामान बदलाचे किती? हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाफ मावते. हा नियम एकोणिसाव्या शतकातला आहे, क्लॅपेरॉन आणि क्लॉसियस या दोघांच्या नावाचा, आणि त्याला कुठल्याही सरकारची मान्यता लागत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात जी बाफ येते तिचा मोठा वाटा अरबी समुद्र आणि हिंदी महासागरावरचा. १९५१ ते २०१५ या काळात हिंदी महासागराचा उष्णकटिबंधातला पृष्ठभाग सुमारे एक अंशाने तापला. म्हणजे ढोबळ हिशेबात चाळीसांतले अडीच-तीन टँकर जास्तीचे. उरलेले सदतीस आज्ज्याच्या काळातही आले असते.

तात्यांना हे पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही पूर्ण पटत नाही, कारण सात टक्के हा हिशेबाचा पाया आहे, बेरीज नव्हे. बाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते, ती ढगाला आणखी वर ढकलते, आणि ढग आजूबाजूची बाफ ओढून घेतो. त्यामुळे तास-दोन तासांच्या सरी सात टक्क्यांहून जास्त फुगू शकतात. मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्याचं २०१७ सालच्या एका अभ्यासात दिसलं. पण तो पट्टा बेळगावच्या बराच उत्तरेला आहे. व्याख्यान देताना ते 'तिप्पट' इथं आणून चिकटवायचा मोह होतो. एकदा मी तो केलाही, टाळ्या पडल्या, आणि घरी येताना बसमध्ये लाज वाटली.

तीन म्हणा, चार म्हणा, पाच म्हणा. उरलेले पस्तीस टँकर का तुंबतात, हा प्रश्न हवामानशास्त्राचा नाही. भाताच्या खाचराला वीतभर बांध असतो. रिकाम्या खाचरात १०० मिलिमीटर पाऊस जिथल्या तिथे उभा राहतो, सावकाश मुरतो. त्याच एकरावर प्लॉट पडले, रस्ता झाला, अंगणात फरशी आली, की तेच चार लाख लिटर काही तासांत नाल्यात. नाला मात्र गाळाने, जलपर्णीने आणि शहराच्या सांडपाण्याने आधीच भरलेला. एका बैठकीत मी हे मांडलं तेव्हा समोरचे एक जबाबदार गृहस्थ हात पसरून म्हणाले, "मॅडम, क्लायमेट चेंजपुढं आपलं काय चालतंय?" पूर्वी हीच माणसं 'देवाची करणी' म्हणायची. पंचवीस वर्षं मी लोकांना हवामान बदल खरा आहे हे पटवत आले आणि आता तो ज्यांना सगळ्यात आधी पटलाय ते नाल्याचा गाळ न काढणारे आहेत.

याचा अर्थ तात्यांनी निर्धास्त राहावं असा नाही. त्यांचं खरं नुकसान टँकरांच्या संख्येत नाही, तारखांत आहे.

आमच्याकडे बरंचसं भात धूळवाफेला पेरतात. वळीव पडून गेल्यावर मशागत करायची, आणि रोहिणीत, माती कोरडी असताना कुरीने बी टाकायचं. मिरगाचा पाऊस आला की उगवण. तरण्या पावसात, म्हणजे पुनर्वसूत, पीक डोलायला हवं, म्हातारा पाऊस, म्हणजे पुष्य, खाचर भरून ठेवणार. सूर्य नक्षत्रात शिरायच्या तारखा माणसाच्या आयुष्यात हलत नाहीत, सत्तर-बहात्तर वर्षांत जेमतेम एक दिवस पुढे सरकतात. त्यांच्यावर बांधलेला पाऊस मात्र हलतो. २०२५ साली मान्सून केरळात २४ मे रोजी आला, नेहमीच्या आठ दिवस आधी. आमच्याकडे रोहिणी लागायच्या आतच रानं चिखल झाली. कुरी चालवायला वाफसाच मिळेना. २०२३ मध्ये उलटं. मान्सून केरळात ८ जूनला पोचला, पुढे ऑगस्ट असा गेला की देशात १९०१ पासून इतका कोरडा ऑगस्ट नोंदलेला नाही. आणि २०१९ चा ऑगस्ट तर कुणी विसरलेलं नाही. त्या आश्लेषात घरं पडली, पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली जाऊन काही दिवस बंद राहिला आणि कर्नाटकात सर्वांत जास्त मार बेळगाव जिल्ह्याने खाल्ला.

या तीन वर्षांवरून मी काही सिद्ध करत नाही. एकेक वर्ष लहरी असतंच. पण देशभराच्या दीर्घ नोंदींत हेच चित्र दिसतं: १९५१ ते २०१५ मध्ये पावसाळ्याचा एकूण पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला, त्यात धुरकट हवेचाही हात आहे, आणि जोराचे पाऊस वाढले. सरासरी फारशी हलत नाही, पण वाटणी बिघडते. घरात पगार तेवढाच आला पण कधी दोन महिन्यांचा एकदम आणि कधी तीन महिने काहीच नाही, तसं.

धरणवाल्यांची खरी पंचाईत इथेच होते. धरण कोणत्या तारखेला किती भरायचं याचे नियम जुन्या पावसावर बेतलेले असतात. लवकर भरलं आणि २०१९ आलं तर पूर. थांबलं आणि २०२३ आलं तर उन्हाळ्यात ठणठणाट. त्यात आमच्या नद्यांवर राज्यांची सीमा. ऑगस्टमध्ये सांगली-शिरोळची माणसं कर्नाटकातल्या, कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाकडे बोट दाखवतात, की ५१९.६० मीटरपर्यंत पाणी अडवलंय, वर ५२४.२५६ पर्यंत न्यायला निघालेत. त्याच आठवड्यात कर्नाटकातल्या चिकोडी-अथणीची माणसं कोयनेच्या आणि राजापूर बंधाऱ्याच्या विसर्गाचे आकडे वाचून म्हणतात, वरून सोडलं म्हणून आम्ही बुडालो. कडक उन्हाळा आला की पात्र कोरडं पडतं आणि कोयनेतून पाणी सोडा अशी मागणी कर्नाटकातून महाराष्ट्राकडे जाते. नदी तीच, माणसं तीच.

पश्चिमेला खानापूर तालुक्यात तर गंमतच आहे. म्हादई आणि मलप्रभा दोघीही तिथल्याच डोंगरांतल्या. कड्याच्या एका अंगाला पडलेला थेंब गोव्यातून अरबी समुद्राला मिळतो, दुसऱ्या अंगाचा कृष्णेतून बंगालच्या उपसागराला. कुठला थेंब कुणाचा, यावर लवादाने २०१८ साली निवाडा दिला: गोव्याला २४ टीएमसी (अब्ज घनफूट), कर्नाटकाला १३.४२, महाराष्ट्राला १.३३. आकड्यांवर भांडण अजून चालू आहे. ज्या जंगलामुळे उन्हाळ्यातही झऱ्यांना पाणी राहतं, त्या जंगलाच्या वाट्याला किती टीएमसी, हे मात्र निवाडा वाचताना मला सारखं विचारावंसं वाटत होतं.

आमची मॉडेलंही या भूगोलापुढे तोकडी पडतात, हे कबूल करते. जगाचं हवामान मांडणाऱ्या मॉडेलची एक चौकट साधारण शंभर किलोमीटरची असते. कणकुंबीला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, बेळगावात त्याच्या निम्म्याहून कमी, आणि गोकाककडे गेलं की सहाशेच्याही आत. हे सगळं जवळपास एकाच चौकटीत बसतं आणि मॉडेल सरासरी काढून मोकळं होतं. त्या सरासरीएवढा पाऊस ज्या गावात पडतो ते गाव शोधावंच लागेल. म्हणून 'बेळगावचं २०५० मध्ये काय होणार' असं कुणी छातीठोक सांगू लागलं की सावध व्हावं, ते सांगणारी मी असले तरी.

बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणायचे. माझ्या लहानपणी आमच्या घराला पंखा नव्हता, आता एसीची चौकशी चालू आहे. यात जगाच्या तापण्याचा वाटा आहे, तोडलेल्या झाडांचा आहे, आणि स्लॅबचाही आहे. आमचं जुनं घर खापरी कौलांचं होतं.

माझ्या ओळखीतले पुढारी यावर बोलत नाहीत. सीमाभागात निवडणूक पाटीवरच्या अक्षरांवर होते. त्या दुखण्याला मी कमी लेखत नाही, घरात १९५६ पासूनची आहे ती जखम. पण भाषेचा प्रश्न आणि पावसाचा प्रश्न वेगळे आहेत असं मला वाटायचं, ते गेल्या जुलैत चुकीचं ठरलं. रात्री तात्यांच्या मोबाइलवर अतिवृष्टीचा इशारा आला. कन्नडमध्ये. तात्यांना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. जाहिरात समजून त्यांनी फोन उपडा ठेवला. त्यांची एक पुतणी कन्नड शाळेत जाते, तिने सकाळी वाचून दाखवला. तोवर पाणी बांधावरून वाहत होतं. उपग्रह, रडार, आमची सगळी गणितं शेवटच्या दोन फुटांत अडकली. हाच ढग सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या चंदगडवरूनही गेला असणार, तिथला इशारा मराठीत गेला असणार.

त्या वेळी मी अंगणात एक पत्र्याचा डबा ठेवून आले. सरळ उभ्या भिंतींचा, वर-खाली सारख्या तोंडाचा. असा डबा लहान असो की मोठा, त्यातल्या पाण्याची उंची पट्टीने मोजली की तेवढे मिलिमीटर पाऊस. तात्यांना आधी हे खोटं वाटलं. मग त्यांनी शेजारी दुसरा, मोठा डबा ठेवून पाहिला, दोन्हींत सारखंच पाणी निघालं. आता ते रोज सकाळी साडेआठला मोजतात आणि आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितात, नक्षत्राच्या वाहनाशेजारी. मागच्या फोनवर म्हणाले, "वाहन बेडूक होतं, पाऊस दोन मिलिमीटर. पंचांगवाल्याला सांगू काय?"

मी म्हटलं, आधी आमच्या लोकांना पाठवा.