पार्श्वभूमी : शाळेच्या कपाटात कोणतं पुस्तक?

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात एक छोटीशी ओळ आहे : प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं आणि तिथे वर्तमानपत्रं, मासिकं व सर्व विषयांवरची पुस्तकं, गोष्टीच्या पुस्तकांसह, असावीत. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. २०१८ मध्ये समग्र शिक्षा योजना आली आणि शाळेच्या टप्प्यानुसार वर्षाला ५,००० ते २०,००० रुपयांचं ग्रंथालय अनुदान ठरलं. म्हणजे कपाट कायद्यानं दिलं, पैसे योजनेनं दिले. पुस्तकं कोणी आणि कशाच्या आधारावर निवडायची, हा प्रश्न मात्र शंभर वर्षांहून जुना आहे. विज्ञानाच्या बाबतीत तो जास्तच अवघड होतो. गोष्टीचं पुस्तक फसलं तर मुलं ते बाजूला ठेवतात. विज्ञानाचं पुस्तक फसलं तर चुकीची माहिती डोक्यात बसते.

याचं मूळ ‘मंजूर’ या शब्दात आहे. मुंबई इलाख्याच्या काळातली मराठी पुस्तकं चाळली की काहींच्या मुखपृष्ठावर किंवा आतल्या पानावर, शाळाखात्यानं बक्षिसांसाठी व लायब्रऱ्यांसाठी मंजूर केल्याचा उल्लेख दिसतो. प्रकाशकाच्या दृष्टीनं ती ओळ सोन्याची, कारण शाळांना पुस्तक विकण्याचा परवानाच तो. खात्याच्या दृष्टीनं मंजूर म्हणजे आक्षेपार्ह काही नाही. शिक्षकानं मात्र त्याचा अर्थ ‘चांगलं’ असा घेतला, आणि गोंधळ तिथून सुरू झाला. ‘घ्यायला हरकत नाही’ आणि ‘पाचवीच्या वर्गात उपयोगी पडेल’ या दोन वेगळ्या गोष्टी एकाच शिक्क्याखाली गेल्या.

१९६७ साली महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. पुढे ‘शासनमान्य ग्रंथांची यादी’ हा शब्दप्रयोग रुळला. ही यादी गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांसाठी. पाठ्यपुस्तकांची मान्यता वेगळी, तिचं काम वेगळ्या यंत्रणेकडे. शाळांच्या ग्रंथालयांसाठी वेळोवेळी निघणाऱ्या खरेदीच्या याद्या आणखी वेगळ्या. या तिन्हींना बोलताना ‘मान्य’च म्हणतात. मुख्याध्यापकांनी ‘मान्य यादीतलंच घ्या’ असं सांगितलं की कोणती यादी, हे शिक्षक विचारत नाही आणि पुस्तकविक्रेता स्वतःहून सांगत नाही.

यादीच्या बाजूनंही बोलण्यासारखं आहे, ते नाकारून चालणार नाही. तालुक्याच्या गावात वह्या-गाइडं मिळतात, बालसाहित्याचं दुकान नसतं. पुस्तक हातात घेऊन निवडायची सोयच नसेल तर यादी हाच आधार. शिवाय हजारभर प्रतींच्या आवृत्तीवर चालणाऱ्या मराठी विज्ञान-प्रकाशनाला एकगठ्ठा सरकारी मागणी हा मोठाच टेकू असतो. पण या याद्यांचं रूप पाहिलं की अडचण कळते. अनुक्रमांक, पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, किंमत. कोणत्या इयत्तेला, कोणत्या पाठाच्या जोडीला, आवृत्ती कधीची, चित्रं बरोबर आहेत का, यातलं काही नाही. खरेदी करणाऱ्या बाबूला जे लागतं तेवढंच तिथे असतं. शिक्षकाला जे लागतं ते नसतं.

दुसरी पद्धत कशी असू शकते, याचं एक उदाहरण अमेरिकेत आहे. तिथल्या विज्ञान शिक्षकांची राष्ट्रीय संघटना १९७३ पासून बालपुस्तक प्रकाशकांच्या संस्थेबरोबर दरवर्षी मुलांच्या विज्ञान-पुस्तकांची निवड जाहीर करते. प्रत्येक पुस्तकाबरोबर छोटं टिपण आणि वाचनाची पातळी. कसोट्याही उघड सांगितलेल्या : तथ्य आणि सिद्धान्त यांतला फरक स्पष्ट आहे का, महत्त्वाचं काही गाळलेलं नाही ना, सर्वसाधारण विधानांना आधार आहे का, लिंगभेद किंवा वर्गभेद डोकावत नाही ना. तिथल्या बाजारपेठेशी आपली तुलना होणार नाही, हे खरं. पण कसोट्या छापायला बाजारपेठ लागत नाही.

आपल्याकडे हे कोणाला सुचलंच नव्हतं असंही नाही. १९५२-५३ च्या माध्यमिक शिक्षण आयोगानं शाळांच्या ग्रंथालयांबद्दल फार कडक लिहिलं होतं. बहुतेक शाळांत ग्रंथालय म्हणण्याजोगं काही नाही, पुस्तकं जुनी, मुलांच्या आवडीचा विचार न करता घेतलेली आणि कुलूपबंद, असा त्याचा सूर. वर्गशिक्षकाच्या ताब्यात वर्गाचं छोटं ग्रंथालय आणि विषयशिक्षकाकडे विषयाचं ग्रंथालय असावं, ही सूचनाही तिथेच आहे. त्याही आधी, १९१० नंतर, बडोदा संस्थानात पुस्तकांच्या फिरत्या पेट्या गावोगाव जात होत्या. आज ‘पेटी वाचनालय’ नवी कल्पना म्हणून मांडली जाते तेव्हा हे आठवतं.

१९८७ च्या खडू-फळा योजनेनं प्राथमिक शाळांत विज्ञानपेटी, नकाशे आणि पुस्तकं पोचवली. खरेदी बहुतांशी वरून झाली. ती पेटी न उघडता कपाटावर ठेवलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पुढचं सांगायला नको. वस्तू हरवली किंवा फुटली तर जबाबदारी शिक्षकाची, आणि न वापरल्याबद्दल जाब कोणीच विचारत नव्हतं.

त्याच सुमारास मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात वेगळं काही चालू होतं. १९७२ मध्ये १६ शाळांपासून सुरू झालेला, मुलांनी स्वतः प्रयोग करून शिकायचा तो कार्यक्रम २००२ मध्ये सरकारनं बंद केला. पण त्यातून तयार झालेली पुस्तकं आणि मासिकं टिकली. त्यांची मराठी भाषांतरंही झाली, आणि इथे एक नवीच गुंतागुंत पुढे आली.

मराठीत अणू म्हणजे ज्याला हिंदी परमाणु म्हणते ते, आणि हिंदीतला अणु म्हणजे आपला रेणू. हिंदीवरून घाईनं केलेल्या भाषांतरात ‘पाण्याचा अणू’ येतो आणि पाठ्यपुस्तक वाचलेलं सातवीचं मूल गोंधळतं. अशी चूक कोणत्याच यादीत सापडत नाही, कारण यादी करणाऱ्यानं पुस्तक त्या नजरेनं वाचलेलं नसतं. सेमी इंग्रजीनं तर पेच उलटाच केला. वर्गात फोटोसिंथेसिस शिकलेल्या मुलीला ग्रंथालयातलं पुस्तक प्रकाशसंश्लेषण सांगतं. दोन्ही शब्द शेजारी छापणारं पुस्तक तिला हवं, पण ‘मंजूर’च्या निकषांत ही गरज कुठे बसवायची?

पुस्तक सापडायलाही वेगळी अडचण आहे. ग्रंथालयं विषयांना आकडे देऊन पुस्तकं लावतात, त्या दशांश वर्गीकरणात विज्ञान ५००च्या घरात येतं. बेडकाच्या वाढीवरचं चित्रपुस्तक मात्र बहुतेक ठिकाणी बालविभागात जातं, भुताच्या आणि राजाच्या गोष्टींशेजारी. विज्ञान शिक्षक विज्ञानाच्या कपाटात शोधतो आणि हात हलवत परततो. मोठ्या माध्यमिक शाळेत निदान विचारायला ग्रंथपाल असतो, काही ठिकाणी अर्धवेळ. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत ते पदच नाही.

जुनं काढून टाकणं हे निवडण्याइतकंच महत्त्वाचं, आणि त्याची भीती सर्वांत जास्त. ऑगस्ट २००६ मध्ये प्लूटोचं ग्रहपद गेलं, तरी नऊ ग्रहांची पुस्तकं कपाटात तशीच आहेत. ती डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, चढलेली आहेत ना! निर्लेखनाचा, म्हणजे नोंदीतून कमी करण्याचा, प्रस्ताव, मंजुरी, पंचनामा हे सगळं करण्यापेक्षा पुस्तक ठेवलेलं सोपं. माझ्या मते या एका धास्तीनं मराठी शाळांतल्या विज्ञान-पुस्तकांचं जेवढं नुकसान केलं, तेवढं वाईट खरेदीनंही केलं नसेल.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत निवडीची वाट बदलली ती वेगळ्याच बाजूनं. पुण्यातल्या एका खेळणीकार विज्ञानप्रसारकानं शेकडो पुस्तकं स्कॅन करून मोफत खुली केली, मराठीतलीही. पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या राज्याच्या संस्थेनं १९७१ पासून चालवलेल्या मुलांच्या मासिकाचे जुने अंक इंटरनेटवर आले. २०१५ मध्ये बंगळुरूच्या एका ना-नफा प्रकाशनानं मुक्त परवान्याचा, म्हणजे कोणीही वाचावं-वापरावं अशा पुस्तकांचा, ऑनलाइन मंच उघडला, तिथे पुस्तकांना वाचनाच्या चार पातळ्या आहेत. शिक्षकानं पान उघडावं, वाचावं, पटलं तर वर्गात दाखवावं. मधे यादी नाही.

पण त्या पातळ्या भाषेच्या आहेत, विज्ञानाच्या नाहीत. पहिल्या पातळीच्या पुस्तकातली कल्पना तिसरीच्या मुलालाही नवी असू शकते, आणि चौथ्या पातळीच्या लांबलचक गोष्टीत विज्ञान एका वाक्यापुरतंच असू शकतं. ते पारखायचं काम शेवटी शिक्षकाकडेच येतं. अशी पारखलेली पुस्तकं आता शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतात, कधी इयत्तेच्या आणि पाठाच्या नावासह. शाळेच्या नोंदवहीत मात्र दाखल क्रमांक, बिल क्रमांक आणि किंमत असेच रकाने आहेत. फुकट मिळालेली पीडीएफ त्यांतल्या कशातच लिहिता येत नाही.