सिमकार्डावर सोनं का असतं?

‘सोनं हा सगळ्यात चांगला वीजवाहक, म्हणूनच सिमकार्डावर आणि मोबाइलमध्ये सोनं वापरतात,’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. सोनं वापरतात हे खरं, पण कारण वेगळं आहे.

भौतिकशास्त्राच्या पुस्तकातला रोधकतेचा (धातू विजेला किती अडवतो त्याच्या मापाचा) तक्ता काढून बघा. आकडा जितका लहान, तितकी वीज सुखाने वाहते. नॅनो-ओहम-मीटरमध्ये चांदी सुमारे १६, तांबं १७, सोनं मात्र २२च्या पुढे. म्हणजे तिसरा क्रमांक. (साध्या मल्टिमीटरने हा फरक दिसणार नाही, तक्ताच बघावा लागेल.)

मग सोनं कशाला? घासून लख्ख केलेला तांब्या चार दिवसांत काळवंडतो, अंगठी वर्षानुवर्षं तशीच राहते. संपर्काच्या जागी असा काळपट थर साचला की वीज अडते. सोन्यावर तो साचत नाही, म्हणून वरून पातळसा मुलामा. तो इतका पातळ की त्याचा स्वतःचा रोध नगण्य.

चिपच्या आतल्या तारा बहुतेक तांब्याच्याच असतात. आणि गंमत म्हणजे तिथे तक्ताही अपुरा पडतो. तांब्यात इलेक्ट्रॉन एका धडकेपासून दुसरीपर्यंत सरासरी ४० नॅनोमीटर जातो. तार त्याहून बारीक झाली की तो कडांवर आणि धातूतल्या बारीक स्फटिकांच्या सीमांवर जास्त वेळा आपटतो, आणि तांब्याची रोधकता पुस्तकातल्या आकड्यापेक्षा बरीच वाढते.