ऑप्टिकल फायबर केबल : निवड आणि उभारणी

काचेच्या बारीक तंतूंतून प्रकाशाच्या स्पंदांनी माहिती वाहून नेणारी केबल. गाभा आणि त्याभोवतीचा काचेचाच दुसरा थर मिळून तंतूची जाडी १२५ मायक्रोमीटर भरते. लेपासकट ती साधारण २५० होते. इमारतीतली केबल आणि रस्त्याकडेची केबल यांत काच बहुधा सारखीच असते. फरक असतो तो वरच्या पेहरावात, आणि निवडीच्या बहुतेक चुका तिथेच होतात.

काचेचा प्रश्न त्या मानाने सोपा. सिंगल मोड, म्हणजे प्रकाशाला एकच वाट देणाऱ्या तंतूचा गाभा सुमारे ९ मायक्रोमीटरचा असतो आणि १५५० नॅनोमीटर तरंगलांबीला त्यात किलोमीटरमागे प्रकाशात जेमतेम ०.२ डेसिबल घट होते. प्रकाशाला अनेक वाटा देणाऱ्या मल्टिमोडचा गाभा ५० किंवा ६२.५ मायक्रोमीटरचा. ओएम३ जातीच्या मल्टिमोडवर १० गिगाबिट वेग ३०० मीटरपर्यंत चालतो, म्हणजे तो एका इमारतीपुरताच. नव्या कामात अंतर कमी असले तरी सिंगल मोड टाकण्याकडे कल आहे आणि तो योग्यच आहे. पुढे वेग वाढवायचा तर टोकांची यंत्रे बदलून भागते.

बाहेरच्या केबलचे शत्रू तीन : ऊन, पाणी आणि घुशी. वेष्टन काळ्या पॉलिएथिलीनचे असते; त्यातली काजळी अतिनील किरणे अडवते. आत सैल नळ्या असतात आणि नळीत जेल किंवा पाणी शोषून फुगणारा धागा. केबल उन्हाने ताणली, थंडीने आखडली तरी नळीतल्या मोकळ्या तंतूंवर ताण येत नाही. ओढताना येणारा जोर एफआरपीची (काचतंतू मिसळलेल्या प्लास्टिकची) कांडी आणि अरामिडचे (केवलारसारखे) चिवट धागे घेतात. थेट मातीत पुरायची असेल तर पन्हाळीदार पोलादी पत्र्याची आर्मर्ड केबल घेतात, कारण घूस साधे प्लास्टिक सहज कुरतडते. या धातूच्या कवचाला इमारतीत शिरताना अर्थिंग द्यावे लागते आणि नेमके तेच हमखास राहून जाते. उच्चदाब वाहिनीच्या मनोऱ्यांवरून नेताना मात्र अजिबात धातू नसलेली, स्वतःचा भार पेलणारी एडीएसएस केबल वापरतात.

पॉलिएथिलीन पेट घेते, म्हणून हीच केबल घरात नेऊ नये. आतल्या केबलचे वेष्टन एलएसझेडएच प्रकारचे असावे. आगीत त्याचा धूर कमी होतो आणि हॅलोजनचे आम्लवायू सुटत नाहीत. अमेरिकेच्या विद्युत संहितेत ज्वालारोधक नसलेल्या बाहेरच्या केबलला इमारतीत ५० फुटांचीच मुभा आहे. आपल्याकडे सोसायटीच्या जिन्यातून काळी केबल थेट वरच्या मजल्यापर्यंत लोंबताना सर्रास दिसते. खरे तर प्रवेशापाशी पेटी बसवून तिथेच तिचा आतल्या केबलशी जोड द्यायला हवा. खोलीच्या कोपऱ्यांतून जाणारा तंतू जी.६५७ए२ या वळणाला टिकणाऱ्या जातीचा असावा, तो ७.५ मिलिमीटर त्रिज्येचे वळण सोसतो, नेहमीच्या जी.६५२डी जातीला ३० मिलिमीटर लागतात.

ग्रामपंचायतींपर्यंत इंटरनेट नेणाऱ्या भारतनेटसारख्या कामांत चर १.६५ मीटर खोल खणून एचडीपीई डक्ट, म्हणजे टणक प्लास्टिकची नळी, टाकतात. कातळ लागला तर खोली कमी करून वर लोखंडी पाइप किंवा काँक्रीटचे संरक्षण देतात. मग दाबाच्या हवेने केबल डक्टमधून पुढे ढकलतात, किंवा हाताने ओढतात. ओढताना पकड वेष्टनावर नव्हे, आतल्या कांडीवर आणि अरामिडवर हवी. ताणाखाली वळणाची त्रिज्या केबलच्या व्यासाच्या २० पट, नंतर १० पट, हा सर्वमान्य नियम. वाटेतल्या प्रत्येक चेंबरमध्ये (जमिनीतल्या बांधीव खड्ड्यात) काही मीटरचा लूप ठेवतात. जेसीबीने केबल तोडल्यावर हीच शिल्लक कामी येते. पावसाळ्यात चेंबर पाण्याने भरतात, म्हणून जॉइंट क्लोजरचे, म्हणजे जोड झाकणाऱ्या डब्याचे, सील नीट बसणे महत्त्वाचे.

जोडणीत तंतू सोलून अल्कोहोलने पुसतात, क्लीव्हरने काटकोनात तोडतात आणि स्प्लायसिंग मशीनमधल्या विद्युतठिणगीने वितळवून एकजीव करतात. चांगल्या जोडात ०.१ डेसिबलहून कमी घट येते. तुटलेले तुकडे डब्यात गोळा करावे लागतात, कारण बोटात शिरले तर दिसतही नाहीत. हिरव्या कनेक्टरचे तोंड ८ अंशांनी तिरपे घासलेले असते आणि निळ्याचे नसते. दोघे एकमेकांत बसतात खरे, पण मधे हवेची फट राहून प्रकाश वाया जातो.

शेवटी ओटीडीआरने, म्हणजे तंतूत प्रकाश सोडून परतणाऱ्या प्रकाशावरून दोष शोधणाऱ्या यंत्राने, १३१० आणि १५५० नॅनोमीटर अशा दोन्ही तरंगलांबींना तपासणी करतात. खराब जोड दोन्हींवर सारखाच दिसतो; कुठे केबल फार घट्ट वळली असेल तर १५५० वरची घट ठळकपणे जास्त येते.