रिमोट पोर्ट मिररिंग

एका स्विचच्या (संगणकांना केबलने जोडणाऱ्या उपकरणाच्या) पोर्टवरून जाणाऱ्या पॅकेटांची (माहितीच्या तुकड्यांची) प्रत काढून ती दुसऱ्या स्विचला जोडलेल्या निरीक्षणाच्या संगणकापर्यंत नेण्याची पद्धत. सिस्कोच्या स्विचांवर तिला आरस्पॅन म्हणतात. साध्या मिररिंगला मूळ आणि निरीक्षणाचा असे दोन्ही पोर्ट एकाच स्विचवर लागतात. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एखाद्या टॉवेल कारखान्याची यंत्रमागाची शेड आणि ऑफिस वेगवेगळ्या इमारतींत असले, की लॅपटॉप घेऊन शेडमधल्या रॅकपाशी बसणे आले; मे महिन्यात पत्र्याखाली ते कोणालाच नको असते.

प्रतीसाठी एक व्हीलॅन (त्याच स्विचांवर आखलेले वेगळे आभासी नेटवर्क) राखून ठेवतात, समजा क्रमांक ९००. (१ आणि १००२ ते १००५ चालत नाहीत.) त्यात ‘रिमोट-स्पॅन’ ही कमांड वाटेतल्या प्रत्येक स्विचवर द्यायची आणि ट्रंकांवर (स्विचांना एकमेकांशी जोडणाऱ्या, अनेक व्हीलॅन नेणाऱ्या दुव्यांवर) ९०० सुरू असल्याची खात्री करायची. शेडच्या स्विचवर सेशनचा (मिररिंगच्या नेमणुकीचा) सोर्स म्हणून तो पोर्ट आणि डेस्टिनेशन म्हणून रिमोट व्हीलॅन ९०० द्यायचा. ऑफिसच्या स्विचवर सोर्स ९०० आणि डेस्टिनेशन निरीक्षणाचा पोर्ट. या पोर्टवर एरवीचे नेटवर्क चालत नाही, म्हणून त्या संगणकाला दुसरे नेटवर्क कार्ड लागते.

सर्वांत फसवा बिघाड मधल्या स्विचवर होतो. तिथे ‘रिमोट-स्पॅन’ राहून गेले, तर तो स्विच ९०० मध्येही मॅक पत्ते (नेटवर्क कार्डांचे पत्ते) शिकतो. संभाषणाच्या दोन्ही बाजूंचे पत्ते त्याला शेडकडच्या ट्रंकवरच दिसतात, त्यामुळे त्यांच्यातली पॅकेटे तो पुढे पाठवत नाही. वायरशार्कमध्ये (पॅकेटे पाहण्याच्या प्रोग्रॅममध्ये) जवळपास फक्त एआरपीसारखे (मॅक पत्ता विचारणारे) ब्रॉडकास्ट, म्हणजे सर्वांना उद्देशून पाठवलेली पॅकेटे, उरतात आणि माणूस शेडमधली केबल तपासत बसतो.

दुसरी अडचण क्षमतेची. १ गिगाबिटचा पोर्ट दोन्ही दिशांनी भरून वाहत असेल, तर प्रत २ गिगाबिटपर्यंत जाते. १ गिगाबिटच्या ट्रंकवर ती मावत नाही, वर कारखान्याचा नेहमीचा ट्रॅफिकही अडतो. म्हणून अख्खा व्हीलॅन मिरर करण्याचा मोह टाळावा. एखादाच पोर्ट, जमल्यास एकच दिशा पुरते. कॅप्चरमध्ये (टिपलेल्या पॅकेटांत) न दिसलेले पॅकेट प्रत नेतानाच गळालेले असू शकते. पॅकेटावरचा मूळ व्हीलॅनचा टॅगही (क्रमांकाची खूणही) इथे टिकत नाही.

काम झाल्यावर ‘नो मॉनिटर सेशन १’ आधी शेडच्या स्विचवर द्यावे. फक्त ऑफिसकडचे सेशन काढले, तर प्रती ट्रंकवर वाहतच राहतात.