प्रतिस्पर्ध्याची खोड आणि बचावाचे गणित

टेक्मो या जपानी कंपनीने १९८९ मध्ये निन्टेन्डोच्या घरगुती यंत्रासाठी अमेरिकेत आणलेल्या ‘टेक्मो बोल’ या अमेरिकन फुटबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये प्रत्येक संघाकडे आक्रमणाच्या जेमतेम चार चाली होत्या. बहुतेक संघांच्या दोन चाली चेंडू घेऊन धावण्याच्या आणि दोन पास देण्याच्या असत. आक्रमण करणारा त्यांतील एक गुपचूप निवडी आणि त्याच वेळी बचाव करणाराही त्याच चारांपैकी एकीवर बोट ठेवी. दोघांची निवड जुळली, की चेंडू खेळात येताक्षणी बचावाची अख्खी फळी समोरची भिंत फोडून आत घुसे आणि ती चाल उभी राहण्याआधीच कोसळे. जुळली नाही, तर एका बचावपटूला जिवाच्या आकांताने पळवत चेंडूमागे धावावे लागे. बचाव म्हणजे मुळात अंदाज, ही गोष्ट इतक्या उघडपणे मांडणारा दुसरा खेळ मला माहीत नाही.

आता समजा, समोरचा सारखा धावण्याचीच चाल निवडतो आहे. मग आपणही दर वेळी धावच ओळखावी, असे कोणालाही वाटेल. गणित मात्र थोडे थांबायला सांगते. हिशेबासाठी मी चारांऐवजी धाव आणि पास अशा दोनच चाली मानतो आणि काही सोपे आकडे धरतो. धाव ओळखली गेली तर आक्रमणाला २ यार्ड मिळतात, म्हणजे चेंडू तेवढा पुढे सरकतो (एक यार्ड म्हणजे तीन फूट), आणि ओळखली गेली नाही तर ६. पास ओळखला गेला तर शून्य आणि ओळखला गेला नाही तर १२. प्रतिस्पर्धी दहापैकी नऊ वेळा धावत असेल, तर सतत धाव ओळखून आपण त्याला सरासरी ३ यार्डांवर रोखतो, आणि सतत पास ओळखत बसलो तर तो ५.४ यार्ड नेतो. इथपर्यंत सरळ आहे. पण तो दहापैकी सहाच वेळा धावत असेल तर? धाव ही अजूनही त्याची अधिक वेळा येणारी चाल आहे. तरीही धाव ओळखून बसणाऱ्याला सरासरी ६ यार्ड गमवावे लागतात आणि पास ओळखणाऱ्याला फक्त ३.६. जी चाल जास्त वेळा येते तिच्यापेक्षा जी चाल चुकल्यावर जास्त महाग पडते, तिच्याकडे बचावाने अधिक लक्ष द्यायचे असते, आणि नवख्या खेळाडूंना नेमके हेच पटत नाही.

या आकड्यांत तोल साधतो, म्हणजे बचावाने धाव ओळखली काय किंवा पास ओळखला काय, आक्रमणाला सरासरी तेवढेच मिळते, तो धावण्याचे प्रमाण तीन चतुर्थांश असताना. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ मध्ये सिद्ध केलेल्या प्रमेयानुसार अशा द्वंद्वात दोन्ही बाजूंसाठी निवडींचे एक सुरक्षित मिश्रण असतेच. इथे बचावाचे मिश्रण निघते आठपैकी तीन वेळा धाव आणि पाच वेळा पास. ते पाळले, तर समोरच्याने काहीही केले तरी त्याला सरासरी ४.५ यार्डांहून अधिक मिळत नाहीत.

मग खोड ओळखूनही हेच मिश्रण खेळत राहायचे का? नाही, पण त्यापासून ढळण्याची किंमत आधी मोजायला हवी. नव्वद टक्के धावणाऱ्याविरुद्ध सतत धाव ओळखून आपण ४.५ वरून ३ वर येतो, म्हणजे दीड यार्ड वाचवतो. तोच खेळाडू सावध होऊन पास देऊ लागला, तर आपण ४.५ वरून १२ वर जातो, म्हणजे साडेसात यार्ड गमावतो. त्याने खोड सोडलेली नाही याची खात्री सहापैकी पाच भागांहून अधिक असेल, तरच हा सौदा परवडतो. शिवाय तोल सांभाळून खेळणाराही केवळ योगायोगाने सलग चार वेळा धावेल, याची शक्यता सुमारे ३२ टक्के आहे. चार चालींवरून कोणाची खोड ठरवणे म्हणजे शितावरून भाताची परीक्षा, आणि ती इथे चालत नाही, कारण इथले प्रत्येक शीत वेगळे शिजलेले असते.

आपल्याकडे फुटबॉल म्हणतात त्या खेळाच्या आजच्या व्हिडिओ गेममध्ये चाली अशा मोजून ठेवलेल्या नसतात, पण खोडी असतात. माझा भाचा चेंडू विंगवरून, म्हणजे मैदानाच्या कडेने, थेट गोलरेषेपर्यंत नेतो आणि तिथून मागे, गोलसमोरच्या पेनल्टी स्पॉटच्या दिशेने सरकवतो. सुरुवातीला मी त्याच्या अंगावर सेंटर बॅक (गोलसमोर उभा राहणारा बचावपटू) सोडत असे आणि मध्ये पडलेल्या खिंडारातून दर वेळी गोल होई. डोळ्यांना दिसून बोट हलेपर्यंत साधारण पाव सेकंद जातो. सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या पडद्यावर तेवढ्यात १५ चित्रे सरकलेली असतात. पास निघालेला दिसल्यावर बटण दाबणे म्हणजे वरातीमागून घोडे. त्यामुळे मी सेंटर बॅकला जागेवर ठेवून बचावात्मक मिडफिल्डरला (बचावफळीच्या पुढे खेळणाऱ्याला) आधीच त्या पासच्या वाटेत नेऊन उभा करू लागलो, आणि चेंडू आपसूक त्याच्या पायात येऊ लागला. अर्थात, त्याने कधी मागे पास न देता गोलच्या जवळच्या खांबाकडे फटका मारला, तर तिथे उभा असतो फक्त गोलकीपर.

म्हणूनच बचाव करणाऱ्याने स्वतःची खोडही लपवली पाहिजे, आणि ते माणसाला फारसे जमत नाही. गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९५३ च्या सुमारास बेल लॅबोरेटरीज या अमेरिकन संशोधन संस्थेत एक यंत्र बनवले होते, ज्याच्यासमोर माणसाने प्रत्येक फेरीत डावे किंवा उजवे निवडायचे आणि यंत्राने ते ओळखायचे. जिंकल्यावर किंवा हरल्यावर माणूस तीच बाजू धरून ठेवतो की बदलतो, एवढीच नोंद ते ठेवी, आणि तेवढ्या तुटपुंज्या स्मृतीवर बहुतेकांना हरवी.

मनाऐवजी पडद्यावरच्या घड्याळावर निवड सोपवणे हा यावरचा एक साधा मार्ग आहे. सेकंदाचा शेवटचा अंक ०, १ किंवा २ असेल तर धाव ओळखायची. ३ ते ७ असेल तर पास. आणि ८ किंवा ९ दिसला तर तो सोडून द्यायचा आणि अंक न मोजता थोड्या वेळाने पुन्हा घड्याळ पाहायचे.